अवधान आणि विश्रांती : योगनिद्रा व निद्राकथा यांच्या कथनरूपाविषयी

कथा ऐकता ऐकता श्रोत्याचा डोळा लागला तर तो कथेचा पराभव समजावा, असा आपल्या साहित्यव्यवहाराचा एक अनुच्चारित नियम आहे. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे मागतात ते अवधान. कीर्तनकार मध्येच थांबून नामघोष करवून घेतो, तोही बव्हंशी त्यासाठीच. आदित्यराणूबाईच्या कहाणीत तर कहाणी ऐकणारा माणूस शोधून आणावा लागतो. श्रोता मिळाल्यावाचून व्रत पुरे होत नाही. घरातली आजी नातवंडांना गोष्ट सांगताना त्यांच्याकडून हुंकार घेते, तेव्हा ती एका परीने अवधानाची हजेरीच घेत असते. हुंकार थांबला की आजी थांबते. उरलेली गोष्ट दुसऱ्या रात्रीसाठी राहते. आधुनिक वाचककेंद्री समीक्षेनेही हा नियम मोडलेला नाही, उलट तो अधिक कडक केला आहे. वोल्फगांग आयझर यांनी कल्पिलेला वाचक संहितेतील रिकाम्या जागा भरीत जाणारा, म्हणजे क्षणभरही हात न थांबवणारा वाचक आहे.

या नियमाला सरळसरळ छेद देणारा एक कथनप्रकार गेल्या काही दशकांत रूढ झाला आहे. शवासनात किंवा लोड, घोंगड्या, पट्टे यांच्या आधाराने दीर्घकाळ निवांत पडून राहण्याच्या योगप्रकारात पडलेल्या माणसाच्या कानावर एक ध्वनिमुद्रित आवाज येतो. तो त्याला शरीर सैल सोडावयास सांगतो, आणि मग एखाद्या वनातून, समुद्रकाठावरून, जुन्या घरातून फिरवून आणतो. या कथनाचा श्रोता निपचित पडलेला आहे, त्याचे डोळे मिटलेले आहेत, तो हुंकार देणार नाही. आणि त्याचे अवधान सुटणे हे अनेकदा कथनाचे साफल्यच मानले जाते. साहित्याच्या अभ्यासकाने या प्रकाराकडे पाहावे काय? आरोग्यविषयक उपयुक्त वाङ्मय म्हणून तो बाजूला सारणे सोपे आहे. पण येथे निवेदक आहे, निवेदनश्रोता आहे, प्रतिमा आहेत, काळाची योजना आहे, विरामांची तर फारच काटेकोर योजना आहे. कथनमीमांसेला ज्या घटकांशी कर्तव्य आहे ते सगळे घटक येथे आहेत. फक्त घटना नाही. घटना वजा केल्यावर कथनात काय उरते, हा प्रश्न मला साहित्यशास्त्राचाच प्रश्न वाटतो. प्रस्तुत लेखात त्यासाठी दोन संहिता समोर ठेवल्या आहेत : स्वामी सत्यानंद सरस्वती यांची ‘योगनिद्रा’ (१९७६) आणि अमेरिकेतील योगशिक्षिका कॅथरिन निकोलाय यांच्या ‘नथिंग मच हॅपन्स’ या नावाने २०१८ पासून ध्वनिरूपात येत असलेल्या आणि २०२० मध्ये ग्रंथरूप झालेल्या कथा.

प्रथम थोडे उत्पत्तीविषयी. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत शवासनाला पहिल्या उपदेशातील एकच श्लोक मिळाला आहे : प्रेतासारखे उताणे पडावे, त्याने शीण जातो आणि चित्ताला विसावा मिळतो. एवढेच. तेथे आवाज नाही, कथा नाही, फिरवून आणणे नाही. या एका श्लोकाचे अर्ध्या तासाचे निवेदन कसे झाले, याचे उत्तर केवळ भारतीय परंपरेत सापडत नाही. ॲनी पेसन कॉल यांचे ‘पॉवर थ्रू रिपोझ’ १८९१ चे. एडमंड जेकबसन यांचे ‘प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन’ १९२९ चे. योहानेस शुल्ट्झ यांचा स्वयंसूचनेवर आधारलेला पद्धतीग्रंथ १९३२ चा. आधुनिक योगातील शिथिलीकरणावर या पाश्चात्त्य धारेची किती दाट छाया आहे हे मार्क सिंगल्टन यांनी २००५ च्या एका निबंधात दाखवले आहे. दुसरीकडे सत्यानंद आपल्या पद्धतीचे मूळ तंत्रातील न्यासविधीत असल्याचे सांगतात. आधारासह निवांत पडून राहण्याचा जो योगप्रकार आज जगभर चालतो, त्याचा उगम पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या साधनांच्या वापरात आहे. त्यांच्या शिष्या जूडिथ लॅसेटर यांच्या १९९५ च्या पुस्तकाने त्याला स्वतंत्र ओळख दिली. शरीर पंधरा-वीस मिनिटे एकाच स्थितीत ठेवले की मन मोकाट सुटते. त्या मोकळ्या जागेत कथा शिरली. उत्पत्तीची चर्चा येथेच थांबवतो, कारण मूळ पौर्वात्य की पाश्चात्त्य या वादातून संहितेच्या रूपाविषयी फारसे काही हाती लागत नाही.

रूपाच्या दृष्टीने पहिली लक्षणीय गोष्ट म्हणजे संबोधन. जेकबसन यांच्या पद्धतीत स्नायू आधी आवळावयाचा आणि मग सोडावयाचा असतो. तेथील स्वाभाविक क्रियापद आज्ञार्थी आहे. शुल्ट्झ यांच्या पद्धतीत साधक स्वतःशीच म्हणतो की आपला हात जड झाला आहे; तेथे प्रथमपुरुषी विधान आहे. सत्यानंदांच्या योगनिद्रेत, शरीरावरून जाणीव फिरवण्याच्या टप्प्यावर, क्रियापदच गळून पडते. उजव्या हाताचा अंगठा, त्यापुढची बोटे एकेक करून, तळहात, मनगट अशी नुसती नामे येत राहतात. आज्ञा, विधान आणि नाम या तीन व्याकरणिक शक्यता म्हणजे श्रोत्याशी जोडलेली तीन वेगवेगळी नाती आहेत. ऑस्टिन यांच्या उक्तिकृतीच्या विचाराने पाहिले तर आज्ञेला पालन किंवा अवज्ञा संभवते, विधानाला सत्यता किंवा असत्यता. नुसत्या नामाला यांपैकी काहीच लागू पडत नाही. अंगठ्याचे नाव ऐकल्यावर अंगठ्याची जाणीव होते, बस्स. ‘तसे केले नाही’ असे म्हणण्याची सोयच श्रोत्याला राहत नाही. सत्यानंदांची भाषांतरित पुस्तके वाचताना गद्य रूक्ष वाटते हे खरे. पण त्या रूक्षपणात विलक्षण भाषिक शहाणपण आहे असे माझे मत आहे.

मराठी वाचकाला हे नामोच्चारण अपरिचित नाही. करन्यास अंगठ्यापासूनच सुरू होतो. रामरक्षेचा कवचभाग तर मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या दिवेलागणीला म्हटला गेला आहे. त्यात मस्तक, भाळ, डोळे, कान, नाक असे करीत करीत पावलांपर्यंत सगळे शरीर नावानिशी येते. मूल ते म्हणत असताना आपल्या शरीरावरून एक फेरी मारून येत असते, हे आपण बहुधा लक्षात घेत नाही. फरक एवढाच, की कवचात आज्ञार्थ आहे पण तो देवतेला उद्देशून आहे : हे राख, ते राख. योगनिद्रेत देवता गेली, तिच्याबरोबर आज्ञार्थही गेला. शरीराची नामावली तेवढी राहिली. धर्मविधीचे लौकिकीकरण होताना संहितेतून नेमके काय वगळले जाते, याचा इतका स्वच्छ नमुना क्वचितच सापडेल.

शिथिलीकरणाच्या इतर बहुतेक ध्वनिकथनांत मात्र आज्ञार्थ ठाण मांडून असतो, आणि येथे आपले साहित्यशास्त्र उपयोगी पडते. काव्याचे प्रयोजन सांगताना मम्मटाने उपदेशाच्या तीन रीती मानल्या आहेत. वेदांचा उपदेश प्रभूसारखा, पुराणांचा मित्रासारखा आणि काव्याचा कांतेसारखा. मार्गदर्शक ध्वनिकथनाची गंमत अशी की त्याचे व्याकरण प्रभूचे आहे आणि स्वर कांतेचा. डोळे मिटा, श्वास सोडा, पायऱ्या उतरा : एकामागून एक हुकूम, पण कुजबुजत्या आवाजात. हा विसंवाद श्रोत्याला बोचत नाही, याचे कारण हुकूम स्वरात विरघळून जातो. पण कागदावर तीच संहिता वाचा. ती कवायतीच्या पुस्तिकेसारखी दिसते. म्हणजे या प्रकारात लिखित संहिता ही स्वरलिपीच्या दर्जाची आहे. तिच्यातील विरामसुद्धा लिहिलेले असतात आणि ते विरामही अर्थपूर्ण असतात. केवळ छापील पानावरून तिचे मूल्यमापन करणाऱ्या समीक्षकाची चूक नाटकाची संहिता वाचून प्रयोगावर लिहिणाऱ्यासारखीच होईल. मम्मटाच्या प्रयोजनांत अनिष्टनिवारणही आहे आणि त्यासाठी तो मयूराचे उदाहरण देतो. सूर्याच्या स्तुतीने मयूराची व्याधी गेली, ही कथा प्रसिद्ध आहे. काव्याने बरे वाटणे हे प्रयोजन आपल्या शास्त्राला मुळातच परके नव्हते. विसाव्या शतकातील स्वायत्ततावादाने आपल्याला त्याचा संकोच वाटावयास लावला.

मराठीतील ध्वनिमुद्रणांविषयी येथे थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. प्रस्तुत लेखकाने ऐकलेल्यांपैकी पुष्कळांची भाषा इंग्रजीवरून घासून आलेली आहे. खांद्यांना सैल होण्याची ‘परवानगी’ द्या, स्वतःला या क्षणात असण्याची ‘अनुमती’ द्या, अशी वाक्ये त्यांत येतात. कचेरीतल्या अर्जासारखी ही भाषा ऐकून कोणाचे खांदे सैल होत असतील असे वाटत नाही. वास्तविक मराठीपाशी यासाठी फार जुनी सोय आहे : खांदे खाली येऊ द्या, श्वास जाऊ द्या, हात पडू द्या. या ‘ऊ द्या’ रूपात आज्ञा आहे, पण कर्तृत्व श्रोत्याकडून काढून अवयवाकडे दिलेले आहे. खांदा स्वतःच खाली येणार आहे, माणसाने फक्त आड यावयाचे नाही. एवढे सूक्ष्म काम करणारे रूप हाताशी असताना आपण परवानगीचे अर्ज का लिहीत बसतो, हे समजत नाही.

आता कथेकडे वळू. योगनिद्रेच्या उत्तरार्धात प्रतिमांचा एक टप्पा येतो. जळती मेणबत्ती, वाळवंट, पिरॅमिड, मुसळधार पाऊस, बर्फाची शिखरे अशा प्रतिमा भराभर सांगितल्या जातात; एकीचा दुसरीशी संबंध नसतो. संबंध नसणे हे येथे सहेतुक आहे. दोन प्रतिमांमध्ये कार्यकारणाचा धागा आला की कथा सुरू होते. कथा सुरू झाली की पुढे काय, ही उत्सुकता जागी होते. आणि उत्सुकतेने मन एका जागी रेंगाळते. योगनिद्रेला ते नको आहे. प्रतिमा दिसावी आणि सुटावी, अशा वेगाने ती पुढे जाते. शिवाय ‘झोपू नका’ ही सूचना वारंवार येते. नावात निद्रा असली तरी या संहितेची मागणी जागेपणाची आहे. आरंभी केलेला संकल्प शेवटी पुन्हा उच्चारावयाचा असतो, तेव्हा श्रोत्याने शेवटपर्यंत पोचणे आवश्यक आहे. ज्ञानेश्वरांनी मागितलेले अवधान येथे सुटलेले नाही. ते अर्थावरून काढून शरीरावर आणि प्रतिमेवर ठेवलेले आहे.

निकोलाय यांच्या कथांची दिशा नेमकी उलट आहे. त्यांना श्रोता झोपावयास हवा आहे. आरंभी त्या दिवा मालवावयास, श्वास सोडावयास सांगतात; कथा दोनदा सांगणार असून दुसऱ्या खेपेस अधिक संथ सांगू, असेही सांगून टाकतात. मग एक अनामिक ‘मी’ पाव भाजण्याची, पावसात पुस्तकांच्या दुकानात शिरण्याची, बागेची वर्षअखेरची आवराआवर करण्याची हकीकत सांगू लागतो. संग्रहाच्या नावातच कबुली आहे की फारसे काही घडत नाही. अनेक कथांतून हळूहळू एक गाव उभे राहते. तीच बेकरी, तीच वाट पुन्हा भेटते. पण कोणाला काही हवे आहे आणि ते मिळत नाही, असा प्रसंग येत नाही.

पीटर ब्रुक्स यांनी १९८४ च्या ‘रीडिंग फॉर द प्लॉट’ मध्ये कथानकाची जी मीमांसा केली तिच्या प्रकाशात हा प्रकार विशेष उद्बोधक ठरतो. फ्रॉइडच्या आधाराने ब्रुक्स म्हणतात की कथानक शेवटच्या निश्चलतेकडेच जात असते, पण वळसे घेत. हे वळसे म्हणजेच कथा. निद्राकथा हा वळसा नाकारते. ती निश्चलतेला जवळच्या वाटेने नेऊ पाहते. मग कथा म्हणून ती टिकते कशी? केवळ वर्णनांची माळ लावली तर ती टिकत नाही, हे या प्रकारातील पुष्कळ सुमार रचनांवरून दिसते. चंदेरी, मखमली, शांत, प्रशांत, नितांत अशी विशेषणे एकावर एक रचली की श्रोता झोपत नाही, कंटाळतो. आणि कंटाळा ही जागृत अवस्था आहे. निकोलाय यांच्या चांगल्या कथांत विशेषणांपेक्षा कृती अधिक आहेत : चहा गाळणे, सतरंजी झटकणे, कुलूप लावणे. प्रत्येक कृती पूर्ण होते आणि तिच्यातून पुढचा प्रश्न उगवत नाही. उत्सुकतेऐवजी क्रमाची खात्री श्रोत्याला पुढे नेते. कुलूप लावल्यावर किल्ली खिशात जाणारच. ती गेली की बरे वाटते. हे सुख कथात्म आहे. वर्णनातून ते मिळत नाही.

याहून महत्त्वाची बाब काळाची आहे. झेरार जनेत यांनी ‘कथनविमर्शा’त (१९७२) घटना आणि कथन यांच्या वारंवारितेचा विचार करताना एकदा घडलेले एकदा सांगणे आणि अनेकदा घडलेले एकदाच सांगणे असा भेद केला. दुसऱ्या प्रकाराला आपण आवर्ती कथन म्हणू. प्रूस्तच्या कादंबरीत कोंब्रेमधले रविवार या रीतीने येतात, याकडे जनेत यांनी लक्ष वेधले आहे. ती कादंबरी झोपेच्या उंबरठ्यावरच सुरू होते, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. एकदाच घडलेल्या गोष्टीत धोका असतो, ती वेगळ्या रीतीने घडू शकली असती. नेहमी घडत असलेल्या गोष्टीत तो धोका नसतो. निद्राकथेचा खरा काळ हा आवर्ती काळ आहे, मग क्रियापदाचे बाह्य रूप कोणतेही असो. निकोलाय यांचा निवेदक एका विशिष्ट सकाळविषयी बोलतो तेव्हाही ती सकाळ दर वर्षीच्या अशा सकाळींपैकी एक असते. त्यांनी प्रत्येक कथा दोनदा सांगणे हा या आवर्तनाचाच विस्तार आहे. श्रावणातली कहाणीही दर वर्षी तीच असते, शेवट सर्वांना पाठ असतो. पण कहाणी हातात अक्षता घेऊन शेवटपर्यंत ऐकावयाची असते. तेथे आवर्तन अवधानाला बळ देते, येथे ते अवधानाला रजा देते.

या प्रकारची कथा मराठीत लिहावयाची झाल्यास काय होईल? प्रश्न वरवर तांत्रिक आहे, पण त्यात या कथनरूपाचे मर्म उघडे पडते. इंग्रजीतील ‘मी’ लिंगनिरपेक्ष आहे. निकोलाय यांच्या अनामिक निवेदकात कोणीही श्रोता किंवा श्रोत्री अलगद शिरू शकते. मराठीत ‘मी नदीवर गेलो’ म्हटले की निम्मे श्रोते बाहेर राहिले, ‘गेले’ म्हटले की उरलेले निम्मे. भाषांतरकार म्हणून द्वितीयपुरुषाचा आश्रय घेतात : ‘तुम्ही नदीवर जात आहात’. लिंगाची अडचण टळते, पण लगेच ‘तू’ की ‘तुम्ही’ की ‘आपण’ हा प्रश्न उभा राहतो, आणि अपूर्ण वर्तमानाचा तो सूर क्रिकेटच्या धावत्या समालोचनासारखा लागतो. परक्याने आपल्याला आपण काय करीत आहोत हे सांगावे, यात एक सूक्ष्म जुलूमही आहे. मिशेल ब्यूटोर यांनी ‘ला मोदिफिकासिओं’ (१९५७) या कादंबरीत द्वितीयपुरुषी निवेदन वापरले ते या जुलमाचा पूर्ण उपयोग करून घेण्यासाठी. झोपेला तो सोसत नाही.

मराठीने मात्र इतर दारे उघडी ठेवली आहेत. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालते : ‘मी दिवा लावला’, ‘मी खिडकी उघडली’. दिवा पुल्लिंगी, खिडकी स्त्रीलिंगी, पण ‘मी’ कोण हे कळत नाही. दुसरे दार अनुभवाच्या वाक्यांचे : ‘मला गारवा जाणवला’, ‘मला देवळातली घंटा ऐकू आली’. येथे ‘मी’ कर्तेपदावरून उतरून चतुर्थीत जाऊन बसतो. घंटा येते, गारवा येतो, माणूस फक्त ते जेथे पोचते ती जागा होतो. शिथिलीकरणाच्या पुस्तकांत कर्तृत्व सोडण्याविषयी जी पानेच्या पाने लिहिलेली असतात, ते मराठी वाक्यरचना एका विभक्तिप्रत्ययात साधते. आणि तिसरे दार रीतिभूतकाळाचे. ‘संध्याकाळी मी नदीवर जात असे. खालच्या पायरीवर बसत असे. पाणी पायांना लागत असे.’ या वाक्यांतला ‘मी’ पुरुष की स्त्री हे सांगता येणार नाही. त्याहीपेक्षा मोलाचे म्हणजे यात घटना नाही, आणि तरीही कथन आहे. इंग्रजीला साहाय्यक क्रियापदाची कसरत करून जो आवर्ती काळ मिळवावा लागतो, तो मराठीला व्याकरणातच मिळालेला आहे. या काळाला स्मृतीचा, किंचित जुन्या वळणाचा सूर आहे हे मान्य. तरुण श्रोत्याला तो पुस्तकी वाटण्याचा संभव आहे. पण निद्राकथेच्या संदर्भात ती उणीव वाटत नाही. जुने झालेले, पुन्हा पुन्हा होऊन गेलेले असणे हाच तर या कथेचा दिलासा आहे.

येथवर रूपाचे वर्णन झाले. मूल्याचा प्रश्न बाकी आहे, आणि तो टाळू नये. ‘विश्रांती’ हा शब्द आपल्या रसविचारात एक पारिभाषिक शब्द आहे. अभिनवगुप्ताच्या मते रसास्वाद म्हणजे संवित्तीची स्वतःतच विश्रांती. विश्रांतीचा अभाव हेच दुःखाचे स्वरूप, असेही तो म्हणतो. ही विश्रांती साधावयाची तर सात विघ्ने दूर व्हावी लागतात. त्यांतील एक विघ्न प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला असण्याचे आहे, आणि त्यावर उपाय म्हणून तो वाद्य, गायन, मंडपाची शोभा यांचा निर्देश करतो. ध्वनिकथनाच्या आरंभीचे श्वासावर लक्ष देणे, अवयव सैल सोडणे, मागची मंद वाद्यधून यांचे काम तेच आहे. ऐकणारा आपल्या दिवसभराच्या कटकटीतून सुटावा यासाठी ती पूर्वतयारी आहे. साम्य येथपर्यंत पक्के आहे. पुढे वाटा फुटतात. अभिनवगुप्ताच्या विश्रांतीत चमत्कार आहे, म्हणजे जाणिवेची तीव्रता आहे; तेथे संवित्ती विसावते ती पूर्ण जागी राहून. निद्राकथेत विघ्ने दूर होतात, आणि ज्याच्यासाठी दूर केली तो आस्वादकच उठून जातो.

या कसोटीवर दोन संहितांत माझा कौल योगनिद्रेकडे जातो. तिच्यात कथा नाही, भाषा ओबडधोबड आहे, प्रतिमा अनेकदा चित्रांच्या कार्डांसारख्या ठोकळेबाज आहेत. पण ती श्रोत्याला त्याच्या जाणिवेच्या ताब्यात ठेवून विसावा देते. निद्राकथा अधिक सुरेख, अधिक कथात्म असूनही आपल्या श्रोत्यावर एवढा विश्वास ठेवीत नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) मध्ये कलाविचाराची लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशी दोन ध्रुवांची मांडणी केली. निद्राकथा लौकिक ध्रुवाच्या इतक्या टोकाला उभी आहे की तिचा आस्वाद आणि तिचा उपयोग यांत फटच राहत नाही. तिला साहित्य म्हणू नये, असे मात्र मी म्हणणार नाही. अंगाईलाही हेच लागू पडते आणि अंगाईला आपण लोकवाङ्मयातून वगळलेले नाही. पण अंगाई गाणारी आई मुलाकडे पाहत असते. त्याचा श्वास लांबला की ती सूर खाली आणते, ते दचकले की पुन्हा पहिल्या कडव्यावर येते. तेथे हुंकाराची जागा श्वासाने घेतलेली आहे.

येथेच बाजाराचा मुद्दा येतो. जोनाथन क्रेरी यांनी ‘ट्वेंटी-फोर सेव्हन’ (२०१३) मध्ये असे प्रतिपादन केले की उत्तर भांडवलशाहीला अजून पुरता गिळता न आलेला एकच प्रदेश म्हणजे झोप. तीनच वर्षांनी, २०१६ मध्ये, एका अमेरिकी ध्यानविषयक ॲपने प्रौढांसाठी झोपेच्या कथा सुरू केल्या. त्याचे नाव देवनागरीत लिहावे तर ‘काम’ असेच लिहावे लागते, हा योगायोग क्रेरी यांना आवडला असता. २०१७ मध्ये त्यांनी नट स्टीफन फ्राय यांच्या आवाजात फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतातील लॅव्हेंडरच्या शेतांची ‘ब्ल्यू गोल्ड’ ही कथा आणली. लेखिका फीबी स्मिथ या प्रवासलेखिका. कथा बरी आहे, आवाज तर उत्तमच. पण जो श्रोता दिवसभर पडद्यासमोर राबतो त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा राबता यावे यासाठी त्याच पडद्याने वर्गणी घेऊन झोपवावे, या चक्राकडे डोळेझाक करता येत नाही. तथापि हा आक्षेप कथेवर जसाच्या तसा लादणे मला न्याय्य वाटत नाही. जात्यावरची ओवीही श्रम सुसह्य करीत होती, आणि म्हणून ती श्रमव्यवस्थेची हस्तक होती असे कोणी शहाण्याने म्हटलेले नाही. ओवीत दळणारणीचे स्वतःचे बोलणे होते. कसोटी ही, की या कथनात श्रोत्याचे स्वतःचे काही बोलणे उरते काय. योगनिद्रेतील संकल्प श्रोत्याने स्वतःच्या शब्दांत करावयाचा असतो, निवेदक तेथे गप्प राहतो. एवढी एक जागा तरी त्या संहितेने मोकळी ठेवली आहे. ‘ब्ल्यू गोल्ड’मध्ये अशी जागा मला आढळली नाही. निकोलाय यांच्या कथांत ती अर्धवट आहे, अनामिक ‘मी’च्या रूपाने.

ध्वनिमुद्रणाला श्रोत्याचा श्वास ऐकू येत नाही. योगवर्गातील शिक्षिका साधकांकडे पाहून विराम लांबवते, कोणी चुळबुळले तर वाक्य पुन्हा म्हणते; मुद्रित आवाजाचे विराम एकदाच ठरलेले असतात. योगनिद्रेच्या शेवटी निवेदक श्रोत्याला खोलीचे भान, बाहेरचे आवाज, अंगाखालची जमीन यांकडे परत आणतो, मग डोळे उघडावयास सांगतो; तो शेवट ऐकणारा कोणीतरी आहे हे गृहीत धरलेले असते. निद्राकथेचा शेवटही कोणीतरी लिहिलेला असतो, शब्द तोलून, आवाज उतरवून वाचलेला असतो. निकोलाय यांच्या कथेची दुसरी, अधिक संथ खेप तर बहुतेक रात्री रिकाम्या खोलीतच सांगितली जाते. निवेदक आहे, संहिता आहे, निवेदनश्रोता व्याकरणात शाबूत आहे. आणि उशाशी ठेवलेला आवाज झोपलेल्या माणसाला बेकरीचे दार कसे ओढून घेतले, किल्ली कोणत्या खिशात टाकली, ते सांगत राहतो.